सेतुमामांकडचा रविवार

सुरुवातीलाच माफी मागून ठेवतो. सेतुमाधवरावांवर लिहायचा हक्क खरं तर त्यांच्या मुलाचा. पण तो अमेरिकेत असतो आणि त्याला मराठी लिहिता येत नाही. बोलतानाही दुसऱ्या वाक्याला तमिळमध्ये घसरतो. त्यांच्या गल्लीतले लोक त्यांना माझ्यापेक्षा चाळीस वर्षं जास्त ओळखत होते, पण ते सगळे तमिळ. राहिलो मी. मी त्यांच्याकडे साडेतीन वर्षं, तेही फक्त रविवारी, जेवलो. एवढ्यावर एखाद्या माणसाबद्दल लिहायला बसू नये, हे मला कळतं. आमच्या घरात पत्राच्या पलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही, आणि ती पत्रंही मीच लिहिली. तेव्हा चुकेल ते पदरात घ्यावं. एक मात्र कबूल करतो. त्यांच्यापुढे मी पुष्कळ खोटं बोललो. इथे बोलणार नाही.

मी तंजावूरला पोचलो तेव्हा अठरा वर्षांचा होतो. त्या काळात गावोगाव इंजिनियरिंग कॉलेजं निघत होती, आणि आमच्या शाळेतल्या एका मास्तरांनी कुठलासा फॉर्म भरून मला थेट तमिळनाडूतल्या कॉलेजात ढकललं. आमचं घर मराठवाड्यातल्या एका गावाच्या बाहेर, मांगवाड्यात. माझा बाप दोर वळतो आणि लग्नाकार्यात हलगी वाजवतो. त्याला आयुष्यात कुणी ‘राव’ म्हटलं नाही. म्हणून त्याने माझं नावच आनंदराव ठेवलं, म्हणजे पुढे लोकांना म्हणायचं नसलं तरी म्हणावं लागेल. या नावामुळे पुढे काय झालं ते सांगायचंच आहे.

कॉलेजच्या मेसमध्ये तिन्ही वेळेला भात. सांबार, रसम, ताक, पुन्हा भात. बाकीची मुलं हाताची ओंजळ करून भाताचे गोळे करत आणि दहा मिनिटांत उठत. माझ्या घशाखाली चार घास उतरत. शुक्रवारी सुक्या मासळीचा वास यायचा तेव्हा तेही उतरत नसत. भाषा कळत नव्हती, वर्गात इंग्रजी कळत नव्हतं, आणि पोटात काही नव्हतं. दोन महिन्यांत पट्ट्याला खिळ्याने तीन नवी भोकं पाडावी लागली. रात्रंदिवस एकच भीती होती. आपण आजारी पडणार, परत जाणार, आणि वस्तीवरचे लोक बापाला म्हणणार, “कशाला पाठवलं होतंस?” बाप खाली मान घालून दोर वळत बसेल. हे मला इतकं स्पष्ट दिसायचं की मी पुस्तक उघडलं की पानावर तेच दिसे.

एका रविवारी कीळवासलच्या बाजारात कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात मला ज्वारी दिसली. पोत्यात हात घालून मी कितीतरी वेळ उभा राहिलो. दोन किलो घेतली आणि पिठाची गिरणी शोधत निघालो. गिरणीवाल्याने पिशवीत डोकावून पाहिलं आणि रांगेतल्या बायकांना काहीतरी सांगितलं. सगळ्या हसल्या. हे जनावराचं खाणं आपल्या जात्यात घालणार नाही, असं त्याचं म्हणणं असावं. मी “ॲडजस्ट, ॲडजस्ट” म्हणत होतो, तेवढा एकच शब्द तिथे सगळ्यांना चालतो हे मला कळलं होतं. तो पिशवी माझ्याकडे ढकलत होता. माझ्या तोंडून निघालं, “आई गं, आता काय करू?”

मागून आवाज आला. “कां रे, आईला कां हांक मारतोस?”

मी वळून पाहिलं. पांढरं धोतर, उघडं अंग, खांद्यावर पंचा, कपाळावर उभी काळी रेघ, आणि हातात पितळी डबा. साठीच्या पुढचा बारीक माणूस. बोलणं मराठी होतं, पण हेल तमिळ, आणि शब्द आमच्या पणज्याच्या काळातले. 

“मराठी?” मी विचारलं.

“मग काय तेलुगू?” ते म्हणाले. “तीनशें वर्षें इथें आहों. नांव काय तुझें?”

“आनंदराव.”

“राव!” त्यांनी डबा गिरणीवाल्याच्या फळीवर आदळला. “देशांतून आला आहे! आमच्यांतला आहे!” मग तमिळमध्ये त्यांनी गिरणीवाल्याला असं काही झापलं की त्याने निमूटपणे जातं झाडलं आणि माझी ज्वारी घातली.

तंजावुरात मराठी बोलणारा, मासळीच्या वासाने पळणारा, आणि नावाच्या शेवटी राव असलेला मुलगा म्हणजे ब्राह्मणच. तिथल्या माणसाला दुसरं काही सुचणंच शक्य नाही. ‘रायर’ म्हणतात त्यांना. त्या दिवशी मला हे माहीत नव्हतं. पण ‘आमच्यांतला’ म्हणजे काय, हे माझ्यासारख्याला समजायला वेळ लागत नाही. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो नाही. मला भूक लागली होती.

ते रेल्वेतून पार्सल क्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. बायको वारलेली, मुलगा रघू अमेरिकेत कॉम्प्युटरवर. मेलवीदीच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या, एक ओसरी, स्वैपाकघर आणि मागे विहीर. “माझे आजे सांगत,” ते म्हणाले, “परगांवचा विद्यार्थी आला तर त्यास वार द्यावा. माझ्याकडे रविवार तुझा. मज मामा म्हण.”

स्वैपाक ते स्वतः करत, आणि कधीही चाखून बघत नसत. देवाला दाखवायच्या आधी जिभेला लावायचं नाही. मीठ ते वासावरून ओळखत. आमटीवर वाकत, डोळे मिटत, नाक दोनदा हलवत आणि म्हणत, “चिमूटभर मागते आहे.” वेळ मोजायला घड्याळ नव्हतं, स्टेशनं होती. भांडं चुलीवर ठेवलं की तोंडातल्या तोंडात गाडी सुटे. अय्यमपेट, पापनाशम, स्वामीमलै, कुंभकोणम... डाळ मायावरमला शिजत असे. तांदूळ कुंभकोणमला. वांगी हट्टी असली तर चिदंबरमपर्यंत जावं लागे. मध्येच मी काही विचारलं तर हात वर करून मला थांबवत. गाडी स्टेशनात आल्यावर उत्तर देत.

पहिल्या रविवारी त्यांनी माझ्यासाठी भाकरी करायचं ठरवलं. त्यांच्या घरात ज्वारीची भाकरी कुणी कधी केलेली नव्हती. 

“तुझी आई कशी करिते? तूं सांग, मी करितों.”

मी नुसतं बघितलं होतं, हात कधी लावला नव्हता. तरी सांगितलं. गरम पाणी घालायचं ते मला आठवलंच नाही. त्यांची भाकरी इडलीसारखी जाड झाली, कडेला फाटली आणि मधे कच्ची राहिली. त्यांनी ती पानावर ठेवली आणि माझ्या तोंडाकडे बघत समोर बसले.

“अशीच कीं?”

“अशीच,” मी म्हणालो. सगळी खाल्ली. त्या दिवशी मला पहिल्यांदा गाढ झोप लागली. पण झोपायच्या आधी बराच वेळ सदऱ्याची बटणं चाचपत पडलो होतो.

कारण जेवायच्या आधी ते म्हणाले होते, “सदरा काढ. सदरा घालून काय जेवतोस, दुकानांत आलास कीं काय?” 

सदरा काढला असता तर खांद्यावर जानवं नाही हे दिसलं असतं. मी म्हणालो, “मामा, मला सर्दी आहे.” 

ऑक्टोबरचा उकाडा होता. माझ्या कपाळावरून घाम गळत होता. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. “घाम येतो म्हणजे ताप उतरतो आहे,” ते म्हणाले. आणि सुंठ, मिरी, तुळस असा जाळ काढा करून वाटीभर दिला. 

ती सर्दी दीड वर्ष टिकली. दर रविवारी मी दारात पाय ठेवला की आधी काढा. “अय्यो, ह्या पोराची छाती फारच नाजूक,” ते शेजारच्या बाईंना सांगत. मी नाकावर रुमाल धरून तो काढा पीत असे, आणि विचार करत असे की आज तरी सांगावं. पण मग पानावर डांगर येई, उडदाचं भाजलेलं पीठ दह्यात कालवलेलं. आमच्याकडे आई तेच कांदा घालून करते. मेतकूट येई. ते आमच्या घरात कधीच नव्हतं, पण “तुझी आईही असेंच करिते कीं?” असं त्यांनी विचारलं की मी हो म्हणायचो. एकदा हो म्हटल्यावर पुढे नाही म्हणता येत नाही. अशी माझ्या आईने कितीतरी पक्वान्नं केली, ज्यांची नावंही तिने ऐकली नव्हती. लसूण मात्र त्या घरात येत नसे. लसणाच्या चटणीसाठी माझा जीव कासावीस व्हायचा, आणि मी ती मागू शकत नव्हतो.

मामा स्वतः कशाला घाबरत, तर टेलिफोनला. रघूच्या हट्टामुळे घरात फोन आला. पूर्वी ज्याला वर्षानुवर्षं लागत, तो त्या दिवसांत काही महिन्यांत येऊ लागला होता. मामांनी त्यावर देवाच्या सोवळ्याचा जुना तुकडा पांघरला. घंटी वाजली की ते उभे राहत आणि दोन पावलं मागे सरत.

“तूं घे,” ते मला म्हणत. “वाईट असेल तर मज हळू सांग.”

मी घ्यायचो. पलीकडून रघू इंग्रजीत विचारायचा, कोण? मी म्हणायचो, आनंदराव. मग मामा धीर करून पुढे येत आणि अमेरिकेपर्यंत तारेशिवाय ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडत, “रघू, जेवलास कीं? काय जेवलास?”

एकदा त्यांनी फोनवर हात ठेवून मला विचारलं, “पिझ्झा म्हणतो. तें काय?”

मीही कधी खाल्ला नव्हता, कॉलेजातल्या मुलांकडून ऐकलं होतं. “मैद्याची भाकरी, मामा. वर भाजी.”

“भाकरी खातो म्हणजे बरा आहे,” ते म्हणाले आणि समाधानाने फोन ठेवून दिला. बोलणं संपलं नव्हतं, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

ते रघूला मेतकुटाचं पार्सल पाठवत. डबा पांढऱ्या कापडात घालून दाभणाने असा शिवत की टाका दिसू नये, आणि सांध्यावर लाख. पस्तीस वर्षं इतरांची पार्सलं तपासलेला माणूस. एका रविवारी फोनवर रघू म्हणाला असावा की आता पाठवू नका, इथल्या दुकानात सगळं मिळतं. मामा परत येऊन पानावर बसले. त्यांनी भात कालवला, आणि तो तसाच ठेवून म्हणाले, “सगळें मिळतें म्हणे.” मला त्यांची भीती कळली. मुलगा उपाशी राहील, ही ती भीती नव्हती. उलटीच होती.

आता वहीबद्दल सांगतो.

मामांच्या आईने लिहिलेली एक वही होती. तिचा जन्म तंजावूरचाच, पण तिला तिच्या वडिलांनी बाळबोध अक्षर शिकवलं होतं. मामांना येत नव्हतं. शाळा तमिळ, नोकरी इंग्रजी. आईची वही चाळीस वर्षं त्यांच्या देवघरात होती, ते तिला रोज फूल वाहत, आणि आत काय आहे ते त्यांना माहीत नव्हतं. मी देवनागरी वाचतो हे कळल्यावर त्यांनी हात धुतले, वही काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. मला त्या वहीला हात लावायची भीती वाटली. 

“वाच,” ते म्हणाले. “सावकाश.”

मग दर रविवारी जेवण झालं की मी ओसरीवर बसून वाचत असे. “मेतकुटास चण्याची डाळ दोन वाट्या, उडीद अर्धी, तांदूळ एक, गहू मूठभर. निरनिराळे भाजावे.” मामा डोळे मिटून ऐकत आणि मध्येच म्हणत, “आईचा आवाज असाच होता.” कधी कधी पाककृतीच्या शेवटी ती दुसरंही लिही. कुठे जावेशी झालेलं भांडण. कुठे पावसाने चूल पेटली नाही. एके ठिकाणी, ‘आज सेतु उपाशी शाळेत गेला.’ ते मी वाचलं तेव्हा त्यांनी पंचाने तोंड पुसलं आणि पुन्हा वाचायला लावलं.

वहीच्या मध्यावर सणाच्या स्वैपाकाचे नियम होते. मी वाचत गेलो. सोवळं कसं, पाणी कुठलं. आणि मग पुढची ओळ डोळ्यांसमोर आली. तोंडाआधी डोळे वाचतात म्हणून मी वाचलो. लिहिलं होतं: ‘परजातीच्या माणसाची दृष्टी वा स्पर्श स्वयंपाकास झाल्यास सर्व अन्न गाईस घालावे, चूल सारवावी व भांडी अग्नीत तापवावी.’

माझ्या बोटांना अजून त्यांच्या आमटीचा वास होता.

“थांबलास कां?” मामांनी डोळे न उघडता विचारलं.

“अक्षर पुसट आहे, मामा.”

“सेरी, असूं दे. पुढें वाच.”

मी पुढे वाचलं. कोशिंबिरी होत्या. माझा आवाज कापत होता, त्यांनी तो सर्दीवर घातला आणि संध्याकाळी जाताना मला दुसऱ्यांदा काढा पाजला.

त्यानंतर दोन रविवार मी गेलो नाही. तिसऱ्या रविवारी ते स्वतः टाऊन बस पकडून हॉस्टेलच्या फाटकाशी आले, हातात डबा. सगळ्या मुलांसमोर ओरडून विचारलं, “कां रे, मेलास कीं जिवंत आहेस?” पुढच्या रविवारपासून मी परत जाऊ लागलो.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला त्यांच्या आईचं श्राद्ध आलं. जेवायला दोन ब्राह्मण लागत. मराठी बोलणारेच हवेत, हा मामांचा हट्ट, कारण आईला तमिळमध्ये आग्रह केलेला आवडत नसे. पूर्वी ओरत्तनाडूहून एकजण येत, ते वारले. कुंभकोणमचे मुलीकडे मद्रासला गेले. एक मिळाले. दुसरा नव्हता.

“तूं बैस,” मामा मला म्हणाले. 

“मी? माझं लग्न नाही, मला मंत्र येत नाहीत.”

“वाध्यारांस विचारलें. अडचणीच्या वेळीं चालतें म्हणाले.” वाध्यार म्हणजे त्यांचे भटजी. मामा माझ्या पानावर भात वाढत होते. “मंत्र ते म्हणतील. तुज फक्त जेवायचें. आई तुझ्यांत येऊन जेवेल. तूं तिचे शब्द वाचलेस, तिला तूं ठाऊक आहेस.”

पुढचे चार दिवस मला ताप आल्यासारखं झालं. खरा. जेवायला खोटं बोलणं वेगळं होतं. ज्या बाईने ती ओळ लिहिली, तिला माझ्या अंगात बोलावणार, आणि ती येऊन बघणार. मी देवाला फार मानणारा नाही, पण त्या चार दिवसांत मी तिला फार मानलं. न सांगता पळून जावं असंही वाटलं. पण मग मामा शेवटपर्यंत दाराकडे बघत राहिले असते, पान वाढून. 

श्राद्धाच्या आदल्या दिवशी सकाळी मी गेलो. ते चुलीसमोर होते. मी स्वैपाकघराच्या उंबऱ्याबाहेरच थांबलो.

“ये कीं आंत. काढा ठेवला आहे.”

“मामा, वही द्या.”

त्यांनी दिली. मी पान काढलं आणि ती ओळ मोठ्याने वाचली. एकही शब्द गाळला नाही. मग म्हणालो, “अक्षर पुसट नव्हतं. मी परजातीचा आहे, मामा. आम्ही मांग. माझा बाप दोर वळतो. माझ्या आईने मेतकूट कधी केलं नाही. मला सर्दी नाही.”

हे सगळं मी एका दमात बोललो. चुलीवर डाळ होती. ते कुठल्या स्टेशनावर होते कुणास ठाऊक. ती उतू गेली आणि जाळ विझल्याचा आवाज झाला, तरी ते उठले नाहीत. भिंतीला पाठ लावून खाली बसले. मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग त्यांनी वर बघितलं. त्यांचा चेहरा टेलिफोनची घंटी वाजल्यावर होई तसा झाला होता.

“आणखी काय गाळलेंस?” त्यांनी विचारलं.

“कशातलं, मामा?” मी विचारलं.

“आईच्या वहींतलें. आणखी काय काय गाळलेंस? किती ओळी?”

“एवढीच, मामा. शपथ.”

“मज कसें कळावें?” ते म्हणाले. “मज वाचतां येत नाहीं. तूं म्हणशील ती माझी आई.” 

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते माझ्या जातीमुळे नव्हतं. निदान सगळं नव्हतं. मी वही उंबऱ्यावर ठेवली.

“उद्यां येऊं नको,” ते म्हणाले. मी वळलो. ओसरीवरून उतरत होतो तेव्हा मागून आवाज आला, “रविवारीं ये. पाटी घेऊन ये.”

श्राद्धाला दुसऱ्या ब्राह्मणाच्या जागी दर्भाची जुडी ठेवली, हे मला नंतर शेजारच्या बाईंनी सांगितलं.

रविवारी मी पाटी घेऊन गेलो. पान स्वैपाकघरात नव्हतं, ओसरीवर मांडलं होतं. दोन पानं होती. एक माझं, समोर त्यांचं. तेही बाहेरच जेवले, रस्त्यावरून जाणारे बघत असताना. “आंत आई आहे,” एवढंच म्हणाले. त्यानंतर मी त्या स्वैपाकघरात कधीच गेलो नाही. मला याचं वाईट वाटलं. अजून वाटतं. आणि ते स्वतःचं पान घेऊन बाहेर आले, हेही विसरता येत नाही. या दोन गोष्टींची बेरीज मला अजून करता आलेली नाही. त्या दिवशी काढा आला नाही. उकाडा होता, मी सदरा काढून बसलो. 

मग त्या अडुसष्ट वर्षांच्या माणसाने अ-आ गिरवायला घेतलं. फार वाईट विद्यार्थी. ‘घ’ आणि ‘ध’ यांत त्यांनी चार महिने गोंधळ घातला आणि प्रत्येक वेळी दोष मला दिला. “तुमच्या देशांतल्या लोकांस दुसरी आकृति सुचली नाहीं कीं काय?” मी चिडून एकदा म्हणालो, “मामा, तुमच्या आईने लिहिलंय, आमच्या देशातल्या लोकांनी नाही.” ते खूप हसले. अभ्यास झाला नसला की म्हणत, “वाध्यारा, आज सुटी दे रे.” मला ते वाध्यार म्हणू लागले होते, तमिळमध्ये मास्तरालाही तोच शब्द. तरीही मी दर रविवारी भीतच जात असे. ते वाचत वाचत एक दिवस त्या ओळीपर्यंत येणार होते.

आले. चौथ्या वर्षी, पोंगलनंतर. बोट ओळीखाली सरकत होतं. “प... र... जा... ती... च्या...” ते थांबले नाहीत. एकेक अक्षर सोडवत शेवटपर्यंत गेले, ‘तापवावी’पर्यंत. ती ओळ एवढी लांब आहे हे मला आधी कळलं नव्हतं. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत बसलो होतो. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला.

“बरोबर वाचलें कीं?”

“बरोबर.”

“माझी आई फार भित्री होती रे,” ते म्हणाले. चष्मा लावला, आणि पान उलटून कोशिंबिरी वाचू लागले.

परीक्षा संपली आणि मी निघालो. पुण्याला पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला होता. मामा स्टेशनवर आले. निवृत्त झाल्यावर ते प्रथमच फलाटावर येत होते, असं म्हणाले. हमालांनी त्यांना वाकून नमस्कार केले. माझ्या हातात त्यांनी पांढऱ्या कापडात शिवलेला डबा दिला आणि म्हणाले, “वाटेंत उघडूं नको, लाख मोडेल.” गाडी हलली. मी दारात उभा होतो. ते माझ्याकडे बघत नव्हते. फलाटाच्या टोकाला पिवळ्या पाटीवर गावाचं नाव तीन लिप्यांत असतं, त्यातली मधली त्यांनी पस्तीस वर्षं रोज पाहिली होती. त्या पाटीसमोर ते मान वर करून उभे होते आणि बोट हवेत एका अक्षराकडून दुसऱ्याकडे नेत मोठ्याने वाचत होते. “तं... जा... वू... र.” बाजूचा हमाल हसत होता. गाडीने वेग घेतला तरी बोट वरच होतं.

मी दोन पत्रं पाठवली. एकाचं उत्तर आलं, चार ओळी, त्यात ‘घ’ बरोबर होता. मग काही आलं नाही. मीही अभ्यासात, नव्या शहरात, नव्या भीतीत राहिलो. फोन करावा असं मनात येई, पण तो वाजल्यावर ते मागे सरतील आणि उचलायला कुणी नसेल, म्हणून केला नाही.

गेल्या महिन्यात रघूचं पत्र आलं, इंग्रजीत, अमेरिकेहून. त्याचा मथितार्थ असा. अप्पा आठ महिन्यांपूर्वी गेले. झोपेत गेले. कळवायला उशीर झाला याबद्दल क्षमा असावी. त्यांनी मागे एक यादी ठेवली होती, आपण गेल्यावर कुणाकुणाला कळवायचं त्याची, पत्त्यांसकट. पण ती त्यांनी देवनागरीत लिहिली होती, आणि घरात, गल्लीत, कुणालाही ती वाचता येईना. रघू ती खिशात घालून परत गेला. आता त्याच्या ऑफिसात पुण्याची एक बाई नोकरीला आली आहे, तिने वाचून दिली. 

त्याने लिहिलं होतं: ‘प्रत्येक नावापुढे अप्पांनी सुतक किती धरायचं ते लिहिलं आहे. भावकीला दहा दिवस, काहींना तीन. शेवटचं नाव तुमचं आहे. तुमच्यापुढे “स्नान” असं लिहिलंय. आपलं नातं काय ते मला ठाऊक नाही. फोन तुम्हीच उचलत होतात ना? वाध्यार म्हणतात, उशिरा कळलं तरी एवढं करायला हरकत नाही.’

स्नान. म्हणजे सगळ्यात कमी. दूरच्या माणसाला असतं तेवढंच. पण यादीत.

दुपारचे दोन वाजले होते. हॉस्टेलमध्ये त्या वेळी नळाला जेमतेम पाणी असतं. मी बादली भरेपर्यंत थांबलो आणि अंगावरच्या कपड्यांसकट डोक्यावरून पाणी घेतलं. शेजारच्या खोलीतला मुलगा तोंड धुवायला आला होता, तो बघतच राहिला.

“काय रे, भर दुपारी?”

“घरात मयत झालंय,” मी म्हणालो.

“अरे! कोण गेलं?”

“मामा,” मी म्हणालो, आणि पुढचा तांब्या भरून घेतला.